आवाक्याबाहेरचा पियानो पीस कसा बसवायचा: ‘क्लेर द ल्यून’ हातात घेऊन

पियानो शिकायला लागून दोन-तीन वर्षं झाली की बहुतेकांचं एकच रडगाणं असतं. क्लासमधले पीस वाजवता येतात, पण ज्या एका पीसपायी आपण हा सगळा खटाटोप सुरू केला तो अजून चार ग्रेड लांब आहे. सर म्हणतात, “थांबा जरा.” मग आपण घरी गुपचूप सुरू करतो. पहिले दहा बार (नोटेशनमध्ये उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे तुकडे) बसतात, अकराव्याला गाडी अडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अकराव्याला अडते. महिनाभरात पहिले दहा बार झोपेतही वाजवता येतात आणि बाकीचा पीस होता तिथेच राहतो. बीथोवनच्या ‘फ्यूर एलिझ’चं हे इतकं सर्रास होतं की वाद्यांच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तर त्याचं पहिलं पान हमखास ऐकू येतं. पुढे डावा हात एकच सूर ठोकत राहतो तो भाग मात्र दुकानात कुणीच वाजवत नाही.

मी पेटीवरून पियानोकडे आले, तेही नोकरी लागल्यावर. वरच्या पातळीचा पीस घेऊच नये असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. मात्र अवघड पीस सगळा सारखाच अवघड नसतो, हे आधी पटवून घ्यावं लागतं. फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या ‘क्लेर द ल्यून’मध्ये ७२ बार आहेत. मध्यम पातळीच्या वादकाला त्यातले निम्म्याहून जास्त आजच, हळू लयीत, वाचता येतील. खरे डोक्यावरून जाणारे बार मोजके असतात. वेळ तिथे घालायचा असतो आणि आपण तो पहिल्या पानावर घालवून बसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत. उदाहरण ‘क्लेर द ल्यून’चं घेतलंय, पण पद्धत कुठल्याही पीसला लागू पडेल.

१. आधी अंतर मोजा

आपल्याकडे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संस्थांच्या संगीत-परीक्षा देणारे पुष्कळ आहेत, म्हणून ग्रेडच्या भाषेत सांगते. ‘क्लेर द ल्यून’ आठव्या ग्रेडच्या आसपासचा समजला जातो. पाचव्या ग्रेडचे पीस तुम्ही नीट, न अडखळता वाजवत असाल तर खुशाल घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडला असाल तर एवढ्यात नको. यात लायकीचा प्रश्न नाही. इतक्या लांबच्या उडीत रोज नवं काही शिकल्याचं समाधान मिळत नाही आणि माणूस पियानोच बंद करतो.

परीक्षा देत नसाल तर जर्मनीच्या हेन्ले या प्रकाशकाची १ ते ९ अशी पातळ्यांची यादी बघा. त्यात ‘फ्यूर एलिझ’ ४ वर आहे. तुम्ही सध्या वाजवता त्या पीसचा आकडा शोधा, हव्या त्या पीसचा शोधा, आणि फरक दोनपेक्षा जास्त असेल तर मध्ये एखादी पायरी टाका.

आकड्यांपेक्षा खात्रीची परीक्षा घरीच होते. पीसमधले सगळ्यात भीतीदायक वाटणारे चार बार निवडा आणि आठवडाभर रोज पंधरा मिनिटं फक्त तेवढेच करा. आठवड्याच्या शेवटी ते निम्म्या लयीत, खांदे न आवळता वाजले, तर पीस तुमचा. अजून एकेक सूर मोजून वाचावा लागत असेल, तर पीस सहा महिने कपाटात.

अवघडपणाचे प्रकारही ओळखा. शोपँचं ‘फँतेझी-अँप्राँप्त्यू’ वेगामुळे अवघड आहे. उजव्या हातात चार सूर, तेवढ्याच वेळात डाव्यात तीन, आणि तेही भरधाव. (शोपँनं हा पीस हयातीत छापलाच नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर, १८५५ मध्ये, मित्र युलियान फोंताना यानं तो बाहेर काढला.) बीथोवनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा तिसरा भागही तसाच वेगाचा. ‘क्लेर द ल्यून’ संथ आहे. तिथली अडचण लय, हलका हात आणि पेडल (सूर लांबवणारी पायाची पट्टी) यांची. पहिल्यांदाच आवाक्याबाहेरचं काही घेत असाल तर संथ पीस घ्या. वेग यायला वर्षं लागतात. हलका हात मात्र आठ-दहा महिन्यांत बराच सुधारतो.

मधली पायरी हवी असेल तर एरिक सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’ उत्तम. डावा हात खालचा सूर देऊन वरच्या कॉर्डवर (एकदम दाबलेल्या तीन-चार सुरांवर) जातो, पेडल सांभाळावं लागतं आणि घाई करता येत नाही.

२. सामान जमवा

- छापील नोटेशन. देब्युसी १९१८ मध्ये गेला आणि पीस १९०५ मध्ये छापला गेला, त्यामुळे मूळ नोटेशनवर आता कॉपीराइट नाही. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या आवृत्तीची पीडीएफ फुकट मिळते. पण जुन्या छपाईत बोटांचे आकडे बहुधा नसतात. बोटं लिहिलेली चांगली आवृत्ती विकत घेतलीत तर पैसे वाया जात नाहीत. सोपी करून लिहिलेली आवृत्ती चुकूनही आणू नका. ‘क्लेर द ल्यून’ सी मेजरमध्ये उतरवलेल्या आवृत्त्याही फिरतात, त्या दुरून नमस्कार करण्याच्या लायकीच्या.
- ८८ कीजचं वाद्य, वजनदार पट्ट्यांचं. ६१ कीजच्या कीबोर्डवर हा पीस पुरता मावत नाही. डावा हात खाली जिथवर जातो तिथे पट्ट्याच नसतात. शिवाय हलक्या पट्ट्यांवर ‘अगदी हळू’ आणि ‘हळू’ यांतला फरक बोटांना कळत नाही, आणि या पीसमध्ये तोच फरक शिकायचा आहे.
- पेडल. डिजिटल पियानोसोबत येणारं छोटं चौकोनी बटण घसरत राहतं. खऱ्या पेडलच्या आकाराचं, जड बुडाचं वेगळं घ्या.
- शिसपेन्सिल आणि खोडरबर. पेन नको. बोटांचे आकडे तीनदा तरी बदलणार आहात.
- मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं यंत्र. फोनमधलं फुकट ॲप पुरे.
- फोनचा रेकॉर्डर. हा सगळ्यात जास्त टोचतो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

पियानो ॲकॉस्टिक असेल आणि घर मुंबई-कोकणच्या दमट हवेत असेल, तर पावसाळ्यात काही पट्ट्या फुगून अडकतात. सूर उमटला नाही तर आधी पट्टी तपासा, मग बोटांना बोल लावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक: हेडफोन लावला तरी पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर पोचते. स्टँडखाली जाड रबरी चटई घाला. सोसायटीत भांडण नको.

३. पियानोला हात न लावता पीस वाचा

पहिले दोन-तीन दिवस फक्त कागद आणि पेन्सिल. बारना क्रमांक घाला आणि पीसचे तुकडे पाडा. देब्युसीनं स्वतःच जागोजागी सूचना लिहून ही सोय करून ठेवलीय:

- १ ते १४: सुरुवातीची धून.
- १५ ते २६: ‘टेंपो रुबाटो’ (लय थोडी ताणत-आखडत), दोन्ही हातांत भरलेले कॉर्ड.
- २७ ते ३६: ‘उन पोको मोसो’, डाव्या हातात सोळांश सुरांच्या लाटा.
- ३७ ते ४२: स्केलची खूण बदलते, पाच फ्लॅट (सूर अर्ध्यानं उतरवणाऱ्या खुणा) जाऊन चार शार्प (अर्ध्यानं चढवणाऱ्या) येतात.
- ४३ ते ५०: ‘काल्माटो’, पुन्हा पाच फ्लॅट, वादळ ओसरतं.
- ५१ ते ७२: पहिली धून परत येते आणि पीस विरत जातो.

आता प्रत्येक तुकड्यावर खूण करा: आजच जमेल, मेहनतीनं जमेल, किंवा अजिबात कळत नाही. बहुतेकांच्या कागदावर शेवटची खूण २७ ते ४२ या पट्ट्यात पडते. म्हणजे ७२ पैकी सोळा बार. वाघ केवढा आहे ते एकदा कळलं की भीती निम्मी होते.

इथे एक सापळा आहे. ५१ व्या बारपासून पहिलीच धून परत येते, म्हणून “हे तर येतंच” असं म्हणून लोक पुढे जातात. वरची धून ओळखीची असली तरी खालची साथ बदललेली आहे. बोटं सवयीनं पहिल्या पानावरचे सूर वाजवायला जातात आणि भर कार्यक्रमात माणूस पीसच्या शेवटाऐवजी पुन्हा सुरुवातीला जाऊन पोचतो. पहिलं पान आणि हे पान शेजारी ठेवून जिथे जिथे फरक आहे तिथे वर्तुळ करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

याच दिवसांत पीस भरपूर ऐका, एकाच वादकाचा नव्हे. कोण किती रेंगाळतं, कोण कुठे घाई करतं, हे कागदावर बोट ठेवून बघा.

४. काळी एकशी दोस्ती करा

पाच फ्लॅट बघून नवख्यांच्या पोटात गोळा येतो. पेटीवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. डी फ्लॅट म्हणजे आपली काळी एक. काळी एकला सा धरा आणि सगळे शुद्ध स्वर वाजवा, झालं डी फ्लॅट मेजर. पाचही काळ्या पट्ट्या त्यात येतात, पांढऱ्या फक्त दोन: एफ म्हणजे गंधार आणि सी म्हणजे निषाद. पीसच्या सुरुवातीला जे दोन सूर जोडीनं येतात ते एफ आणि ए फ्लॅट, म्हणजे ग आणि प. असं ऐकलं की धून कानाला एकदम घरची वाटते.

हातालाही हे स्केल सोपं जातं. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा पांढऱ्यावर, अशी हाताची नैसर्गिक ठेवण इथे जुळते. शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना सी मेजरऐवजी बी मेजरचं स्केल आधी देत असे, ते याच कारणानं.

अंगठा १ आणि करंगळी ५ असं धरून बोटं अशी. उजवा हात, सा पासून वर: २ ३ १ २ ३ ४ १, आणि वरच्या सा वर २. डावा हात, सा पासून वर: ३ २ १ ४ ३ २ १, आणि वरच्या सा वर ३. दोन्ही हातांत अंगठा एफ आणि सी वरच येतो, दुसरीकडे कुठेही नाही. महिनाभर रोज पाच मिनिटं एवढं एक स्केल करा, इतर स्केलना या महिन्यात सुट्टी. जोडीला याच स्केलमधला सा-ग-प-सा हा आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) डाव्या हातानं वर-खाली करा, २७ व्या बारला उपयोगी पडेल.

पेटीवरून येणाऱ्यांना खरी अडचण डाव्या हाताची. वर्षानुवर्षं त्यानं भाता हलवलेला असतो, सूर कधी वाजवलेलाच नसतो. म्हणून पहिले दोन महिने डाव्याला उजव्याच्या दुप्पट वेळ द्या. यात काटकसर नको.

५. लय आधी तोंडाने, मग हाताने

पीस ९/८ मध्ये आहे. एका बारमध्ये तीन ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे तीन भाग. तोंडाने म्हणा: तकिट तकिट तकिट. मांडीवर हात फक्त ‘त’वर पडला पाहिजे.

गंमत तिसऱ्याच बारमध्ये सुरू होते. तिथे एका ठोक्यात तीनऐवजी दोनच सूर येतात, वर छोटा २ लिहिलेला असतो. म्हणजे तकिटच्या जागेत तक. ठोका तेवढाच राहतो, पण आतले दोन भाग समान आणि थोडे लांब होतात. बहुतेक जण इथे पहिला सूर लांब आणि दुसरा आखूड करतात, कारण तीनची चाल अंगात भिनलेली असते. पियानो बंद ठेवून हे म्हणा:

तकिट तकिट तकिट / तकिट तक तकिट / तक तक तकिट

मांडीवरचा हात एकसारखा पडतोय आणि तोंडातले बोल आपापली जागा बदलतायत, असं दोन मिनिटं न चुकता जमलं की मगच पट्ट्यांना हात लावा. तबल्याशी थोडीफार ओळख असलेल्यांना हे एका बैठकीत जमतं. नोटेशन वाचून वाजवणाऱ्यांना आठवडा लागतो, हे मी क्लासमध्ये पुष्कळदा पाहिलंय.

दुसरी भानगड ठोका ओलांडून जाणाऱ्या सुरांची. दोन सुरांना जोडणारी कंस-रेघ दिसली की दुसरा सूर पुन्हा वाजवायचा नसतो, पहिला धरून ठेवायचा असतो. या पीसमध्ये अशा रेघा पहिल्या ओळीपासून आहेत. त्यामुळे बरेचदा ठोक्यावर काहीच वाजत नाही. तिथे मोजणं सोडलंत की लय गेलीच. लहानसं डोकं हलवा, पायाचं बोट हलवा, पण रिकामा ठोका कुठेतरी अंगात पडू द्या.

६. सुरुवात मधून करा

आता पियानोवर बसा आणि पान उलटून थेट २७ वा बार उघडा. पहिलं पान वाजवायचा मोह होईल. तो शेवटच्या पाच मिनिटांसाठी, बक्षीस म्हणून ठेवा.

इथे डाव्या हातात एका तकिटच्या जागेत सहा सूर आहेत, एका बारमध्ये अठरा. नवखा माणूस ते एकामागून एक वाचत बसतो आणि तिथेच थकतो. वाचू नका, पकडा. सहा सुरांचा एक गट घ्या आणि हातात एकदम मावतील तेवढे सूर एकत्र, कॉर्डसारखे दाबा. मग पुढच्या गटाचे. अशा पकडींवरून संपूर्ण बार वाजवून घ्या. हाताला पुढची जागा कुठे आहे ते कळलं की सूर सुटे करा. अठरा सूर लक्षात ठेवायचं ओझं तीन-चार पकडींवर येतं.

सुटे करताना मनगट पाहा. लाट वर जाताना मनगटही थोडं वरच्या सुरांच्या दिशेनं सरकलं पाहिजे. हात एका जागी रोवून बोटं ताणलीत तर अंगठा आणि करंगळीमध्ये ओढ बसते आणि दहा मिनिटांत हात भरून येतो. कुठलाही सूर ‘गाठायचा’ नसतो, हात तिथे न्यायचा असतो. लाटेचा पहिला, खालचा सूर किंचित ठळक आणि बाकीचे त्याच्या सावलीत. सगळे सारखे वाजवलेत तर उजव्या हाताची धून बुडते.

रोजचा तुकडा दोन बारचा, फार तर चारचा. त्यात हा क्रम ठेवा:

1. डावा हात एकटा, पकडीनं.
2. डावा एकटा, सुटे सूर.
3. उजवा एकटा. नुसतं वाजवू नका, वरची धून गुणगुणत वाजवा.
4. उजवा पूर्ण आणि डाव्याचा फक्त ठोक्यावरचा सूर.
5. दोन्ही पूर्ण, कासवाच्या लयीत.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिसरीवरून पाचवीवर उडी मारतात. हात वेगवेगळे येतात पण एकत्र आले की सगळं कोसळतं, ही जी तक्रार असते तिचं मूळ इथे आहे.

हात सुटे वाजवण्यातही महिनेच्या महिने घालवू नका. सुटे हात येणं आणि एकत्र येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकत का होईना, दोन-तीन दिवसांत एकत्र आणा.

तुकडा संपवताना नेहमी पुढच्या तुकड्याच्या पहिल्या सुरावर थांबा. दोन तुकड्यांच्या सांध्यावर जी फट राहते ती याने राहत नाही. २७–३६ उभं राहिलं की ३७–४२ घ्या, मग १५–२६, मग ४३–५०, आणि पहिलं-शेवटचं पान सगळ्यात शेवटी. या क्रमाचा फायदा असा की कार्यक्रमात वाजवताना पहिल्या पानावरून मधल्या अवघड भागाकडे जाल तसा ओळखीचा मुलूख लागतो, परका नव्हे.

बोटांचे आकडे एकदा ठरले की लिहा आणि तेच रोज वापरा. रोज वेगळ्या बोटांनी वाजवलेला बार कधीच बसत नाही.

७. लय वाढवणं

संथ पीस असल्यानं इथे फार सांगण्यासारखं नाही. मेट्रोनोम ठोक्याला न लावता तकिटच्या प्रत्येक अक्षराला लावा, म्हणजे तीन टिकांचा एक ठोका. सलग तीनदा न चुकता वाजलं तर थोडी लय वाढवा, चुकलं तर दोन पायऱ्या खाली या. नोट्स बसल्यावर मात्र मेट्रोनोम बंद करा. ‘टेंपो रुबाटो’ लिहिलेल्या जागी मेट्रोनोम लावून वाजवलेलं ऐकवत नाही.

वेगवान पीस घेतला असेल तर एक जास्तीची युक्ती. नुसती हळूहळू लय वाढवत नेली की एका आकड्यावर हात अडकून बसतो, कारण हळू वाजवताना हाताची हालचाल एक असते आणि वेगात दुसरीच लागते. म्हणून पहिल्या आठवड्यापासून चार-पाच सुरांचे छोटे झटके पूर्ण वेगात वाजवून थांबत जा. चार सूर, थांबा, हात सैल, पुढचे चार.

८. पेडल शेवटी, पण नीट

पेडलनं सगळं गोड लागतं, म्हणूनच ते आधी नको. प्रत्येक तुकडा पेडलशिवाय वाजवून बघा. जिथे सूर बोटांनी धरता येण्यासारखा असूनही तुटतो, ती चूक बोटांची आहे. हात पोचूच शकत नाही अशा जागी मात्र पेडल हवंच.

पाय कधी बदलायचा? नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी पाय वर आणि लगेच पुन्हा खाली. पाय आणि हात एकदम खाली गेले तर मागचा कॉर्ड नव्यात मिसळून चिखल होतो. हे एका साध्या व्यायामानं बसतं: डाव्या हातानं कुठलेही दोन कॉर्ड आलटून पालटून वाजवा आणि मध्ये फटही नको, चिखलही नको, एवढं एकच ऐका. टाच जमिनीवरून उचलायची नाही. घरात अनवाणी सराव आणि कार्यक्रमात नवे बूट, असं करू नका. पायाला पेडल परकं वाटतं.

पहिल्याच ओळीत ‘कॉन सॉर्दिना’ लिहिलंय, तिथे डावीकडचं, आवाज मऊ करणारं पेडल वापरायची पद्धत आहे. डिजिटल पियानोला एकच पेडल असेल तर हा भाग हातानेच हळू वाजवा, काही बिघडत नाही.

९. हात लहान असेल तर

पंधराव्या बारपासूनचे कॉर्ड काहींच्या हातात मावत नाहीत. ताणून मावतील असं समजू नका. तीन मार्ग आहेत. कॉर्ड खालून वर भराभर उलगडून वाजवा. किंवा मधला एखादा सूर दुसऱ्या हाताकडे द्या. तेही जमत नसेल तर मधला, दुसरीकडे आधीच असलेला सूर चक्क गाळा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर कधी गाळायचा नाही, कारण ऐकणाऱ्याचा कान त्या दोघांवरच असतो. परीक्षेला बसणार असाल तर गाळण्याआधी सरांना विचारा.

दुखायला लागलं की थांबा. थकवा आणि दुखणं यांतला फरक शरीर सांगतं. मनगटात किंवा कोपराजवळ कळ येत असेल तर त्या दिवशी पियानो बंद, आणि आठवडाभरात गेली नाही तर डॉक्टर. संगीतकार रोबर्ट शुमानचा उजवा हात ऐन तारुण्यात बिघडला आणि पियानोवादक व्हायचा बेत त्याला सोडावा लागला. बसायची उंची अशी ठेवा की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उशी घालून काम भागतं.

१०. सर, यूट्यूब आणि रोजचा तास

यूट्यूबवर वरून रंगीत पट्ट्या पडताना दाखवणारे व्हिडिओ असतात. त्यांवरून पीस ‘उचलायची’ सवय लागली असेल तर या पीसपुरती तरी सोडा. कुठली पट्टी दाबायची ते त्यात कळतं. कुठल्या बोटानं, किती हलक्या हातानं, सूर कधी सोडायचा, पेडल कुठे बदलायचं, यातलं काहीच कळत नाही. ‘क्लेर द ल्यून’मधली मेहनत नेमकी या न दिसणाऱ्या गोष्टींची आहे.

सरांपासून लपवू नका. “सर, परीक्षेचे पीस आधी करते, पण शेवटची दहा मिनिटं मला हा दाखवाल का?” असं विचारलं तर बहुतेक सर ऐकतात. त्यांच्याकडे अख्खा पीस नेऊ नका, अडलेले दोन बार न्या. बोटांचा एक आकडा बदलून ते पंधरा दिवसांचा घोळ मिटवतात. शिक्षक नसेल तर निदान दोन-तीन वेळा एखाद्या जाणकारासमोर वाजवा, मनगट आणि खांदे त्याला बघू द्या. ते आपल्याला स्वतःला दिसत नाहीत.

रोज तास मिळत असेल तर त्यातली वीस-पंचवीस मिनिटंच या पीसला. बाकी वेळ स्केल, तुमच्या पातळीचे पीस आणि नवं काहीतरी नुसतं वाचणं. आवाक्याबाहेरचा पीस एका वेळी एकच. फक्त अवघडच वाजवत राहिलात तर वाचनाचा वेग मरतो आणि वर्षाच्या शेवटी एकच पीस येतो, तोही अर्धा. सलग तासभर घासण्यापेक्षा सकाळी दहा आणि रात्री दहा मिनिटं जास्त कामाची. रात्री न बसलेला बार सकाळी आपोआप बसलेला सापडतो, हा अनुभव तुम्हालाही येईल.

आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर हातांना जे वाटलं तेच कानांना ऐकू येतं.

११. पाठांतर आणि बाजूला ठेवणं

पाठ करणार असाल तर वर दिलेल्या सहा तुकड्यांच्या सुरुवाती म्हणजे तुमचे सहा थांबे. कुणीही “४३!” म्हटलं की तिथून वाजवता आलं पाहिजे. मध्ये गाडी घसरली तर मागे न जाता पुढच्या थांब्यावर चढायचं. हा सराव केला नाही तर लोकांसमोर विसरल्यावर पुन्हा पहिल्या बारशिवाय गत्यंतर नसतं.

सहा-आठ महिन्यांनी पीस शेवटपर्यंत जातो, पण ज्या दर्जाचा हवा तसा नसतो. ३७ ते ४२ मध्ये अजून धाप लागते, शेवटच्या पानावरचे हळू सूर कधी उमटतात, कधी नाही. मग तो बंद करा आणि दोन-तीन महिने हात लावू नका. त्या काळात आपल्या पातळीचे तीन-चार पीस पुरे करा. देब्युसीचंच ‘ला फी ओ शव्हू द लँ’ हे प्रेल्यूड त्यांत घेता आलं तर बघा. ते सहा फ्लॅटचं आहे, काळ्या पट्ट्यांची सवय टिकते आणि दोन पानांत आटपतं.

पुन्हा काढाल तेव्हा कागदावरच्या जुन्या खुणा आधी खोडून टाका आणि नव्यानं करा. बऱ्याच ‘अजिबात कळत नाही’च्या जागी आता ‘मेहनतीनं जमेल’ येईल. उरलेल्या बारची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, त्यातल्या पहिल्या दोन बारना डावा हात एकटा लावा, आणि मेट्रोनोम मागच्या वेळी जिथे सोडला होता त्याच्या बराच खालून सुरू करा.